हे कुणी लिहिलं? : पियानोची हस्तलिखितं आणि पहिल्या छापील आवृत्त्या



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत ते सर दिवसा एका छापखान्यात मुद्रितशोधक होते आणि संध्याकाळी घरी पियानो शिकवत. दिवसा हातात लाल शाईचं पेन, संध्याकाळी पेन्सिल. शिकवताना त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. पानावरच्या एखाद्या चिन्हावर पेन्सिलीचं टोक टेकवायचं आणि विचारायचं, "हे कुणी लिहिलं?" आम्ही म्हणायचो, "शोपँनं." सर म्हणायचे, "तू पाहिलंस?" बस. उत्तर द्यायची त्यांना घाई नसे.

एक प्रसंग सांगतो. आम्ही दोघे विद्यार्थी एकाच महिन्यात शोपँचा सी मायनरमधला प्रेल्यूड शिकत होतो. चोवीस प्रेल्यूडमधला हा विसावा. जेमतेम तेरा बार, म्हणजे तालाची तेरा आवर्तनं, पाऊण पानाचा मामला, चाल मिरवणुकीसारखी संथ आणि जड. माझ्याकडे जुन्या बाजारातून आणलेलं एक पुस्तक, मैत्रिणीकडे तिच्या मावशीनं परदेशातून पाठवलेलं दुसरं. तिसऱ्या बारचा शेवटचा कॉर्ड मी वाजवायचो तो उजळ लागायचा, ती वाजवायची तो काळवंडलेला. दोघांनाही वाटायचं, समोरचा चुकतोय. आठवडाभर आम्ही भांडलो. सरांनी आठवडाभर भांडू दिलं. मग दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाले, "आता सांगा, हे कुणी लिहिलं?"

आजचं व्याख्यान हे त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे.

आधी वाद काय होता ते सरगमच्या भाषेत सांगतो, म्हणजे पियानोशी संबंध नसलेल्यांनाही कळेल. सी या सुराला षड्ज माना. मग ई फ्लॅट म्हणजे कोमल गंधार आणि ई नॅचरल म्हणजे शुद्ध गंधार. तिसऱ्या बारच्या शेवटच्या कॉर्डमध्ये गंधार कोमल की शुद्ध, एवढाच प्रश्न. कोमल घेतला तर दुःख अखंड राहतं. शुद्ध घेतला तर क्षणभर खिडकी उघडल्यासारखं होतं आणि पुढच्याच बारला ती बंद होते. एका सुराचा फरक, पण गाणाऱ्या माणसाला तो किती मोठा असतो हे या सभागृहात समजावून सांगायला नको.

आता शोपँच्या हातचा कागद काय म्हणतो? या प्रेल्यूड्सचं हस्तलिखित वॉर्साच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिसऱ्या बारमध्ये आधीच्या एका कॉर्डला गंधार शुद्ध आहे. पाश्चात्त्य लेखनाचा नियम असा, की असं चिन्ह एकदा आलं की बार संपेपर्यंत त्याचा अंमल राहतो. कोमल हवा असेल तर पुन्हा फ्लॅटचं चिन्ह घालायला हवं. शोपँनं ते घातलेलं नाही. म्हणजे कायद्यानं शुद्ध गंधार. हस्तलिखितावरून छापलेल्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतही फ्लॅट नाही. प्रश्न मिटला असं वाटतं.

पण शोपँची एक विद्यार्थिनी होती, जेन स्टर्लिंग. स्कॉटलंडची. १८४८ साली आजारी शोपँ इंग्लंड-स्कॉटलंडच्या दौऱ्यावर गेला तो तिच्याच आग्रहानं. तिच्या पुस्तकांवर शोपँ शिकवताना पेन्सिलीनं खुणा करायचा. तिच्या पुस्तकांचे सात खंड आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यांत या प्रेल्यूडच्या तिसऱ्या बारमध्ये, शेवटच्या कॉर्डपुढे, पेन्सिलीनं फ्लॅट घातलेला आहे. कोमल गंधार.

म्हणजे हस्तलिखित एक सांगतं आणि त्याच माणसाची पेन्सिल दुसरंच सांगते. माझं जुन्या बाजारातलं पुस्तकही खोटं नव्हतं आणि मैत्रिणीचंही नव्हतं. आमचे साक्षीदार वेगळे होते, एवढंच.

इथे आपल्या मनातला एक समज तपासून पाहायला हवा. आपण गृहीत धरतो की लेखकाच्या हातचा कागद म्हणजे अस्सल आणि छापील पान म्हणजे त्याची कमी-अधिक बिघडलेली नक्कल. म्हणून शंका आली की हस्तलिखित काढा आणि छापील चूक सुधारा. आपल्याला हे पटतं, कारण आपली पाठचिकित्सेची परंपरा तशाच परिस्थितीत वाढली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा ज्ञानेश्वरांचा काळ तीन शतकं मागे पडला होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुखटणकरांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची पद्धत बसवली, ते काम १९६६ मध्ये पूर्ण झालं. तिथे तर मूळ हस्तलिखित असण्याचा प्रश्नच नव्हता. नकलेची नक्कल, तिची नक्कल, अशा शेकडो प्रतींतून मागे मागे जायचं होतं. तिथे जुनं ते विश्वासाचं हा कल स्वाभाविक आहे.

शोपँच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलटी. लेखक जिवंत आहे, टेबलाशी बसला आहे, आणि स्वतःच्याच हातानं एकाच रचनेच्या वेगवेगळ्या प्रती जगात सोडतो आहे. इथली अडचण अस्सल प्रत हरवल्याची नसून अस्सल प्रती फार झाल्याची आहे.

असं का व्हायचं याचं कारण कलेत कमी आणि धंद्यात जास्त आहे. त्या काळी युरोपात देशोदेशींचा मिळून स्वामित्वहक्काचा कायदा नव्हता. बर्नचा करार झाला तो १८८६ साली. त्याआधी पॅरिसला छापलेली रचना लाइपझिगला कुणीही उचलून छापावी आणि रचनाकाराला दमडीही देऊ नये, असा खुला बाजार होता. यावर तोड एकच. फ्रान्स, जर्मनी आणि इंग्लंड या तीन देशांतल्या तीन प्रकाशकांना रचना वेगवेगळी विकायची आणि शक्यतो एकाच सुमारास बाजारात आणायची. शोपँची फ्रान्समधली अनेक पुस्तकं श्लेझिंगरनं काढली, जर्मनीतली लाइपझिगच्या ब्राइटकॉफ उंड हेर्टेलनं, इंग्लंडमधली लंडनच्या वेसेलनं. तीन प्रकाशक म्हणजे तीन मुद्रणप्रती, तीन कारागीर आणि तीन ठिकाणची प्रुफं. शोपँ राहायचा पॅरिसला. तिथली प्रुफं त्याच्या हाताखालून जात आणि प्रुफं पाहताना तो चुका दुरुस्त करून थांबायचा नाही, सूर बदलायचा. लाइपझिगकडे गेलेल्या प्रतीला त्या बदलाचा पत्ताच नसे. लंडनच्या वेसेलची तऱ्हा आणखी निराळी. पुस्तकं खपावीत म्हणून तो नक्टर्नना 'सेन नदीची कुजबुज' छापाची नावं द्यायचा. बी मायनरमधल्या स्केर्झोला त्यानं चक्क 'नरकातली मेजवानी' करून टाकलं. शोपँ या नावांवर मनापासून चिडत असे.

प्रेल्यूड्सचीच गोष्ट घ्या. १८३८ चा हिवाळा. शोपँ आणि त्याची सोबतीण, लेखिका जॉर्ज सँड, मायोर्का बेटावर, व्हालदेमोसाच्या मठात. पावसानं भिंती ओल्या, शोपँला खोकला, पॅरिसहून निघालेला पियानो वाटेत अडकलेला. जानेवारी १८३९ मध्ये त्यानं प्रेल्यूड्स पूर्ण करून पॅरिसला मित्र युल्यान फोंतानाकडे पाठवले. फोंताना हा शोपँचा नकलनवीस, हिशेबनीस, निरोप्या असं सगळंच होता. त्यानं हस्तलिखिताची नक्कल केली. मूळ हस्तलिखित पॅरिसच्या छपाईला गेलं, फोंतानाची नक्कल लाइपझिगला. म्हणजे त्याच वर्षी निघालेल्या जर्मन आवृत्तीतल्या प्रत्येक खुणेमागे दोन हात आहेत. फोंताना जिथे डुलकी घेतो तिथे लाइपझिगचा कारागीरही डुलकी घेतो. फोंतानाला जिथे वाटतं की इथे शोपँ विसरला असावा, तिथे लाइपझिगला शोपँ 'सुधारून' छापला जातो.

आपल्याकडे म्हणतात, नक्कल करायलाही अक्कल लागते. या क्षेत्रात मी म्हणेन, नक्कल करणाऱ्याला अक्कल जास्त झाली की घोटाळा सुरू होतो. न समजता उतरवणारा चुकला तर त्याची चूक वेडीवाकडी असते आणि चटकन सापडते. समजून चुकणाऱ्याची चूक नीटनेटकी असते, कानाला गोड लागते, म्हणून शंभर वर्षं टिकते.

याचं ठळक उदाहरण शोपँचं नाही, बीथोव्हनचं आहे. त्याच्या ओपस ३१ मधला जी मेजरचा सोनाटा १८०३ साली झुरिकच्या नेगेली या प्रकाशकानं छापला. नेगेली स्वतः संगीतकार होता. पहिल्या भागाच्या शेवटी शेवटी एके ठिकाणी वाक्य त्याला लंगडं वाटलं असावं. त्यानं आपल्या पदरचे चार बार घातले आणि ते सममित करून टाकलं. बीथोव्हनचा शिष्य फर्डिनांड रीस यानं पुढे आठवण लिहून ठेवली आहे. तो छापील पानांवरून सोनाटा वाजवत होता, बीथोव्हन ऐकत होता. त्या चार बारांशी येताच बीथोव्हन उठला आणि रीसला जवळजवळ ढकलून पियानोपाशी गेला, हे कुठून आलं म्हणून संतापानं विचारत. चुकांची यादी झाली, ती ऐंशीच्या घरात होती. मग बॉनच्या झिमरॉककडून दुसरी आवृत्ती छापून घेतली. तिच्या मुखपृष्ठावर 'अत्यंत अचूक आवृत्ती' असं मुद्दाम टाकलेलं आहे. या सोनाटाचं हस्तलिखित आज उपलब्ध नाही. रीसनं आठवण लिहिली नसती आणि झिमरॉकची आवृत्ती निघाली नसती, तर ते चार बार बीथोव्हनचे म्हणून आजही वाजवले गेले असते आणि त्यांतल्या समतोलाचं कौतुकही झालं असतं.

इथे छापील पान हरलं. पण लगेच दुसरी बाजू ऐका. तेच गुरुशिष्य, सोळा वर्षांनंतर. बीथोव्हनचा ओपस १०६, 'हामरक्लाव्हिअर' नावानं ओळखला जाणारा अवाढव्य सोनाटा. व्हिएन्नात आर्तारिया तो छापणार होता आणि लंडनमध्ये रीस छपाईची व्यवस्था बघत होता. प्रत केव्हाच लंडनला पोचली होती. एप्रिल १८१९ मध्ये बीथोव्हनचं पत्र आलं. त्यात इतर गोष्टींबरोबर एक सूचना होती: संथ भागाच्या अगदी सुरुवातीला अजून दोन सूर घाला, ए आणि सी शार्प. रीसनं लिहून ठेवलंय की आपल्या गुरूचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशी शंका त्याच्या मनात आली. इतकी प्रचंड रचना, केव्हाच पूर्ण झालेली, आणि तिला आता दोन सुरांचं ठिगळ! मग त्यानं ते सूर वाजवून पाहिले आणि गप्प झाला.

ते दोन सूर वाजवल्याशिवाय त्यांचं काम कळत नाही. आधीचा छोटा भाग चेष्टामस्करी करत संपतो. पुढचा भाग पाश्चात्त्य संगीतातल्या सर्वांत दीर्घ आणि खोल शोकांपैकी एक. मधे हे दोन सूर, पायऱ्या उतरताना पहिल्या पायरीवर पाय चाचपावा तसे. त्यांच्याविना शोक एकदम अंगावर येतो, त्यांच्यासह तो जवळ येतो. लंडनला आधी गेलेली प्रत जशीच्या तशी 'अस्सल' म्हणून डोक्यावर घेतली असती, तर हे दोन सूर आपल्याला मिळाले नसते. ते पत्रातून आले आणि छपाईत बसले.

याच सोनाटाच्या पहिल्या भागात उलटा पेच आहे. मुख्य विषय परत येण्याच्या जरा आधी दोन-तीन बार असे आहेत की ए शार्प वाजवायचा की ए नॅचरल, यावर पियानोवादकांत दोन तट आहेत. व्हिएन्ना आणि लंडन, दोन्ही आवृत्त्यांत नॅचरलचं चिन्ह नाही, म्हणजे नियमानं शार्प. एकजण म्हणतो, ही प्रतिभेची झेप आहे. दुसरा म्हणतो, चिन्ह घालायचं राहून गेलं. दोन आवृत्त्या एकच सांगतात म्हणून प्रश्न मिटावा ना? नाही मिटत. दोन साक्षीदारांनी एकाच माणसाकडून ऐकलेलं असेल तर ते दोन साक्षीदार नव्हेत, एकच. हे कोर्टाला कळतं, सुखटणकरांना कळत होतं. प्रती मोजायच्या नसतात, त्यांची वंशावळ लावायची असते.

आता थोडं छापखान्यात जाऊ, कारण सरांचा जीव तिथे होता. पुस्तकाचा मजकूर तेव्हा खिळे जुळवून छापत, पण पियानोचं संगीत बहुतेक पत्र्यावर कोरत. कथील आणि शिशाच्या मिश्रधातूचा मऊ पत्रा. त्यावर पाच दातांच्या हत्यारानं पाच रेघा ओढायच्या. मग सुरांची डोकी, शार्प, फ्लॅट, अक्षरं हे सगळं पोलादी ठशांनी हातोडी मारून उठवायचं. जोडणाऱ्या कमानी टोकदार हत्यारानं कोरायच्या. आणि हे सगळं उलटं, आरशातल्यासारखं, उजवीकडून डावीकडे. हे करणारा कारागीर पियानो वाजवणारा असेलच असं नाही. त्याला जागेचं गणित जुळवायचं असतं. फ्लॅटला जागा उरली नाही तर तो किंचित सरकतो. पेडल सोडण्याची फुली जिथे मोकळी जागा मिळेल तिथे जाऊन बसते. शोपँनं ती अर्ध्या मात्रेवर काढली होती की पूर्ण मात्रेवर, याला वाजवणाऱ्याच्या लेखी फार अर्थ असतो. कारागिराच्या लेखी तो सौंदर्याचा प्रश्न असतो.

चूक सुधारायची तर पत्रा पालथा घालून त्या जागी मागून ठोकायचा, पृष्ठभाग पुन्हा सपाट करायचा आणि नवा ठसा उठवायचा. नीट पाहिलं तर जुन्या आवृत्तीत अशा जागी रेघा जरा कापलेल्या, काळसर दिसतात. मुद्रितशोधकाला ती जागा म्हणजे कबुलीजबाब. इथे आधी काहीतरी वेगळं होतं आणि कुणीतरी ते बदलून घेतलं. पत्रा तोच, क्रमांक तोच, मुखपृष्ठही तेच, पण दुसऱ्या छपाईत सूर बदललेला. म्हणून 'पहिली आवृत्ती' असं एकच पुस्तक नसतं. तिच्या निरनिराळ्या छपाया शोधून, एकेक जागा तपासून त्यांचा क्रम लावावा लागतो. शोपँच्या बाबतीत हे काम क्रिस्तोफ ग्राबोव्स्की आणि जॉन रिंक यांनी केलं आणि त्यांची वर्णनात्मक सूची २०१० साली प्रसिद्ध झाली.

कारागिराच्या हातून आणखी एक गोष्ट निसटली, ती सांगतो. शोपँच्या हस्तलिखितात सुरावर जोर देण्याचं चिन्ह, आडव्या व्ही सारखं, कधी छोटं असतं, कधी बरंच लांब. छोटं म्हणजे ठोस आघात. लांब म्हणजे सुरावर वजन टाकून ते हळूहळू काढून घ्यायचं. आवाज उतरवण्याचं चिन्हही असंच दिसतं, फक्त आणखी लांब. कारागिराकडे ठसे ठरावीक. त्यानं लांब आघातांचा कधी आखूड आघात केला, कधी उतार. यान एकिएर यांच्या संपादनाखाली पोलंडमध्ये शोपँची राष्ट्रीय आवृत्ती निघाली, ती २०१० मध्ये पूर्ण झाली. तिच्यात हा लांब आघात पुन्हा त्याच्या जागी आला. जे जुन्या पुस्तकांवरून शोपँ शिकले त्यांनी हा एक फरक जरूर हाताखाली घालून पाहावा.

कधी कधी फरक दोन टिंबांचा असतो आणि त्यानं सगळा आराखडा बदलतो. शोपँचा बी फ्लॅट मायनरचा सोनाटा, ओपस ३५, तोच ज्यात प्रसिद्ध शोकयात्रा आहे. सुरुवातीला चार बार संथ, गंभीर. मग वेग दुप्पट होतो आणि मुख्य भाग सुरू होतो. त्याच्या शेवटी पुनरावृत्तीचं चिन्ह. परत जायचं कुठे? लाइपझिगच्या आवृत्तीत पाचव्या बारपाशी दुहेरी रेघेला टिंबं आहेत, म्हणजे वेगवान भागापासून. पॅरिस आणि लंडनच्या आवृत्त्यांत ती टिंबं नाहीत, म्हणजे थेट सुरुवातीपासून, त्या चार गंभीर बारांपासून. पियानोवादक आणि लेखक चार्ल्स रोझेन यांनी लाइपझिगची टिंबं चुकीची मानून सुरुवातीपासून पुनरावृत्तीचा आग्रह धरला. वाद अजून मिटलेला नाही. पण ते चार बार एकदाच आले तर ती प्रस्तावना होते. दोनदा आले तर ती कथेचाच भाग होते. टिंबं दोन, इमारत दुसरी.

आतापर्यंत छापील पानानं हस्तलिखिताला उत्तर दिलं अशी उदाहरणं मुद्दाम जास्त घेतली. आता एक असं, जिथे हस्तलिखितानं छापील पानाला निरुत्तर केलं. शोपँ १८४९ मध्ये गेला. आपली न छापलेली हस्तलिखितं नष्ट करावीत, अशी त्याची इच्छा होती. पण फोंतानानं घरच्यांच्या संमतीनं त्यांतली काही १८५५ मध्ये छापली. त्यांत एक इम्प्रॉम्प्टू होतं. 'फँटसी' हा शब्द फोंतानानं पुढे लावला आणि 'फँटसी-इम्प्रॉम्प्टू' म्हणून ते जगभर गाजलं. पियानो शिकणाऱ्या प्रत्येकाला ते वाजवायचं असतं, निदान पहिलं पान तरी. १९६० साली पॅरिसमध्ये पियानोवादक आर्थर रूबिन्स्टाइनच्या हाती एक आल्बम आला. बॅरोनेस देस्त नावाच्या बाईसाठी शोपँनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं हेच इम्प्रॉम्प्टू, १८३५ सालचं. रूबिन्स्टाइननं ते १९६२ मध्ये छापून आणलं. फोंतानाच्या छापील रूपाशी ताडून पाहिलं तर ठिकठिकाणी सूर, साथ, खुणा वेगळ्या. इथे निर्णय सोपा आहे आणि त्याचं कारण महत्त्वाचं आहे. फोंतानाची आवृत्ती शोपँनं पाहिलीच नव्हती. ती निघाली तेव्हा तो जाऊन सहा वर्षं झाली होती.

अशीच एक अलीकडची भेट. २०१४ मध्ये बुडापेस्टच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बालाश मिकुशी या संगीताभ्यासकाला मोत्सार्टच्या हातची चार पानं सापडली. ए मेजरच्या त्या सोनाटाची, ज्याचा शेवट 'तुर्की मार्च' म्हणून मोबाइलच्या रिंगटोनपर्यंत पोचला आहे. दोनशेहून अधिक वर्षं जग १७८४ च्या आर्तारियाच्या आवृत्तीवर विसंबून होतं. पानं आली आणि काही सूर, काही लयीचे तपशील पुन्हा तपासावे लागले.

या सगळ्या उदाहरणांवरून मला एकच गोष्ट म्हणायची आहे. 'हस्तलिखित खरं की छापील खरं' हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. विचारायचं ते असं: या खुणेवरून रचनाकाराचा हात शेवटचा कधी फिरला, आणि तो का फिरला? नेगेलीच्या चार बारांवरून तो कधी फिरलाच नव्हता, म्हणून ते गेले. हामरक्लाव्हिअरच्या दोन सुरांवरून तो प्रत गेल्यानंतर फिरला, म्हणून ते राहिले. फोंतानाच्या पानावरून तो फिरूच शकत नव्हता, म्हणून आल्बमला मान.

'का' हा शब्द मात्र विसरायचा नाही, कारण जेन स्टर्लिंगच्या पुस्तकातला तो फ्लॅट आपल्याला तिथेच अडवतो. शोपँ चिन्हं घालण्यात निष्काळजी होता. त्याच्या कानात सूर इतका पक्का असायचा की कागदावर तो सांगायला हवा हे तो विसरायचा. तसं असेल तर पेन्सिलीचा फ्लॅट ही जुनी चूक दुरुस्त करणारी खूण आहे आणि कोमल गंधार पहिल्यापासून त्याच्या मनात होता. पण शक्यता दुसरीही आहे. १८३९ मध्ये शुद्ध गंधार त्याला हवा होता आणि पुढे कधीतरी मन बदललं. तसं असेल तर ती दुरुस्ती नाही, पुनर्विचार आहे, आणि मग दोन्ही पाठ त्याचेच. नक्टर्न ओपस ९ क्रमांक २ च्या बाबतीत तर हे उघडच आहे. निरनिराळ्या शिष्यांच्या पुस्तकांत त्यानं निरनिराळे अलंकार लिहून दिले. एकाला एक तान, दुसरीला दुसरी. आपल्या गायकीत गुरू दोन शिष्यांना एकच बंदिश जरा वेगळ्या अंगानं देतो, तेव्हा आपण 'खरी कोणती' असं विचारत नाही. घराणं एकच म्हणतो आणि ऐकतो.

मी आमच्या पुस्तकांच्या भांडणाचा निकाल आज विचाराल तर कोमल गंधाराच्या बाजूनं देईन. कारण त्या जागी शोपँच्या विद्यार्थिनीच्या पुस्तकात त्याची पेन्सिल पोचलेली आहे आणि चिन्ह विसरायची त्याची सवय सर्वज्ञात आहे. पण निकाल देताना हेही लक्षात ठेवेन की त्याच हस्तलिखिताच्या पानावर शोपँनं प्रकाशकासाठी एक टिपण लिहिलंय: शेवटचे चार बार पुन्हा घेतले आहेत, ही एका गृहस्थांना दिलेली छोटी सवलत, कारण त्यांचं बऱ्याचदा बरोबर असतं. गृहस्थाचं नाव त्यानं दिलेलं नाही. म्हणजे तेरा बारांच्या या रचनेचा शेवटही आपल्याला वाटतं तसा एकट्या शोपँचा नाही. कुणीतरी त्याच्या खांद्याशी उभं राहून काहीतरी म्हटलं आणि त्यानं ते ऐकलं.

समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना जाताजाता दोन विनंत्या. पुस्तक घेताना किंमत आणि कागद पाहाल तसं प्रस्तावनेचं पान उघडा. संपादकानं कोणतं हस्तलिखित आणि कोणत्या आवृत्त्या पाहिल्या हे त्यात सांगितलं आहे का, ते बघा. सांगितलं नसेल तर त्या पुस्तकातल्या प्रत्येक कमानीवर, प्रत्येक बोटाच्या आकड्यावर संशय घ्यायचा तुम्हाला अधिकार आहे. आणि दुसरं, तुमच्या शिक्षकांनी पेन्सिलीनं केलेल्या खुणा खोडू नका. परीक्षा झाल्यावर पुस्तक धाकट्या भावंडाला देताना तर मुळीच खोडू नका.

सरांच्या घरच्यांनी त्यांचं प्रेल्यूड्सचं पुस्तक मला दिलं आहे. विसाव्या प्रेल्यूडच्या तिसऱ्या बारमध्ये शेवटच्या कॉर्डपुढे त्यांनी कंसात फ्लॅट लिहिलाय आणि समासात बारीक अक्षरात 'स्टर्लिंग'. साक्षीदाराचं नाव. आज घरी गेल्यावर तो बार काढा आणि शेवटचा कॉर्ड दोन्ही प्रकारे वाजवून बघा. हवा तो निवडा. पण तुमच्या पुस्तकात तो कुणी लिहिला, ते आधी शोधा.